सराटा

गणपती पेठेत पारिसअण्णा चौगुल्यांनी
पाव किलो गोखरू तराजूत ओतला
आणि चपलेत माझा तळपाय आपोआप आखडला.
हा तर सराटा!
बुधगावच्या माळावर अनवाणी क्रिकेट खेळताना
टाचेत रुतायचा फुकट,
शिवी देऊन उपटून फेकायचो.
इथं त्याला नाव वेगळं, भाव वेगळा,
शेजारी अश्वगंधा, सफेद मुसळी,
आणि डांबरासारखं शिलाजीत,
रोज हरभऱ्याएवढं.

'फरक पडतो का?'
इतकं हळू विचारलं
की अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली. 'कशात?'
मागं एक बाई शिकेकाई मागत उभी.
'अंगात,' म्हणालो.
अण्णा पुडीला दोरा गुंडाळत राहिले.
'चाळीस वर्षं विकतोय. लोक परत येतात.
फरक पडला म्हणून येतात
का नाही पडला म्हणून,
ते मी विचारत नाही.'

त्याआधी मिरजेच्या लॅबमध्ये
सकाळी आठला, उपाशीपोटी,
तबस्सुम मुजावरनं रक्त काढलं होतं.
तीनशे बारा.
कुपवाडच्या फाउंड्रीत वीस वर्षं आकडेच वाचतोय,
भट्टीचा ताप, साच्याचा ओलावा,
पण स्वतःचा आकडा हातात आला
आणि कुणाला दाखवावा कळेना.
घडी घालून गाडीच्या कागदांत ठेवला.

मग तीन महिने
मंदा झोपली की दूध, चमचा, कडू घोट.
डबा तुरीच्या डाळीमागं.
तिच्याच शिवणाच्या टेपनं
मोरीत दार लावून दंड मोजायचो.
मधेच मोठी भट्टी दुरुस्तीला गेली,
रात्रपाळी बंद झाली,
आठ वर्षांनी रात्रीचा रात्री झोपलो.
पँट कमरेत सैल.
श्रेय अर्थातच डब्याला.

तीनशे एकतीस.
एकोणीस वाढले! काचेपलीकडं तबस्सुम हसली नाही,
हे तिचं मोठेपण.
'काका, एवढा फरक
आज आणि उद्याच्या रक्तातही निघतो.'
प्रिंटर थांबेस्तोवर गप्प राहिली.
'झोप कशी आहे?'
'बरी आहे आता.'
'मग एवढ्यात पुडी वाढवू नका,' एवढंच म्हणाली
आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

घरी आलो, डबा उघडला.
माझ्या हिशेबापेक्षा चार बोटं खाली.
'मीपण घेते की,' मंदा पोळी लाटत म्हणाली,
'महिना झाला. म्हटलं, एवढं लपवून ठेवलंय
तर काहीतरी चांगलंच असणार.'
'मग? फरक?'
'कशात?' तिनंही अण्णांसारखंच विचारलं.

खिशातला कागद मी ओट्यावर ठेवला.
तिनं पिठाच्या हातानं दोन्ही आकडे वाचले,
मधली वजाबाकी केली असावी,
बोलली काहीच नाही.
गॅस बारीक केला,
मशीनच्या खणातून टेप आणला.
'करा हात पुढं,' म्हणाली,
'एकट्यानं मोजलं की टेप सरकतो.'