दोन रकाने

ऐरोली, सेक्टर आठ.
लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर
बाबांनी उभी रेघ मारलीय:
इकडे एडमंटन, तिकडे हॅलिफॅक्स.

भाडं. बसचा पास. कोथिंबिरीची जुडी,
बासष्टनं गुणून,
मग हातचा विसरला म्हणून पुन्हा.
डॉक्टरची वाट बघणं: दोन्हीकडे टिक.
थंडी, उणे तीस. खोडून वर बारीक अक्षरात:
सवय होते.

फोनवर शर्वरी म्हणते,
आकडे आहेत हो माझ्याकडे,
तुम्ही नुसतं कुठे ते सांगा.

खाडीवरून वारा येतो,
खारट, थोडा कंपन्यांचा.
आई गवार मोडता मोडता विचारते,
समुद्र कुठल्या गावाला?
हॅलिफॅक्सला.
मग वास तरी ओळखीचा येईल तिला.

बाबा तिसरी रेघ मारायला घेतात.
कागद संपलेला.
उलटून बघतात:
भरणा करण्याची अंतिम तारीख
उद्याची.