दोन कड्या

वाशीच्या धारण तलावावर
सत्तावीस वर्षं झडपा सांभाळल्या मी.
ओहोटीला उघडायच्या, भरतीला आपसूक मिटायच्या.
खाडीचं पाणी उलटं आत येऊ द्यायचं नाही,
एवढीच नोकरी.

म्हणून नेरूळला तेंडोलकरबाईंनी
पडद्यावर मथुराचं हृदय दाखवलं, तेव्हा
पहिल्यांदाच इस्पितळात मला काही कळलं.
रक्त मागे फिरत होतं. लाल, निळं, घुसळलेलं.
"झडपा बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या,
"चौकट सैल झालीय. दोन्हींची."

मी बोलून गेलो, तीन नंबरच्या गेटचंही तेच होतं.
हे नुसतं रबर बदलत राहिले.

त्यांनी तळहातावर कडी ठेवली,
कापडात शिवलेली, एका बाजूला उघडी.
मथुरा म्हणाली, "पुरी वाटोळी नाय?"
"वाटोळं नकोच," बाई हसल्या.

पंचांग बघितलं मी. अष्टमी.
भांगाची भरती, जोर कमी.
कुणाला सांगितलं नाही.

रात्री तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.
ठोके मोजले नाहीत,
मागे फिरणारं पाणी ऐकत राहिलो.
ऐकू आलं नाही.

तरी उठलो नाही.
गेट नवं बसवलं की पहिली भरती
जवळ उभं राहून काढायची असते.