टिचकी

खोकं आलं तेव्हा मी सातपूरला, कंपनीत होते.
मामंजींनी काचेवर बोटाने सही केली
आणि मी येईपर्यंत उघडलं नाही.

'शुद्ध तांब्याचा हंडा, हाताने ठोकलेला,
फक्त आज रात्री बारापर्यंत, सत्तर टक्के सूट.'
खाली लाल आकडे उलटे पळत होते
आणि चार हजार जणांनी पाच-पाच तारे दिलेले,
सगळ्यांचं मराठी एकाच जागी ठेचकाळणारं :
'खुप सुंदर प्रॉडक्ट आहे, धन्यवाद करते.'
वाचून मी हसलेही होते.
तरी पैसे भरले.

तांबट गल्लीत चाळीस वर्षं बसलेल्या माणसाच्या घरात
मी हंडा मोबाइलवरून मागवला,
हे आधी सांगायला हवं होतं.

परक्याचं मूल घ्यावं तसा, जरा बेताने,
मामंजींनी तो मांडीवर घेतला.
काठाला नखाने टिचकी. कान जवळ.
तांबं वाजलं की आवाज थोडा वेळ घरात रेंगाळतो.
हा 'टक' म्हणाला आणि गप्प बसला.
शाल्मलीने फ्रिजवरचं लोहचुंबकाचं फुलपाखरू आणलं.
ते हंड्याच्या पोटाला असं चिकटलं
की ओढून काढावं लागलं.

"आत लोखंड. वर नुसतं पाणी चढवलंय."
मग त्यांनी माझा फोन मागितला.
हंड्याच्या फोटोवर टिचकी मारली. टक.
पैठणीवर. टक.
मनुक्यांवर, चांदीच्या निरांजनावर. टक, टक.
"ह्याच्यात सगळ्याचा आवाज एकच आहे गं."

त्या रात्री मी तक्रारीचा नंबर शोधला.
सापडला तोही त्याच माळेतला मणी.
विनीत असं नाव सांगणारा मुलगा फार आदबीने म्हणाला,
मॅडम, पैसे परत येतायत,
फक्त आलेले सहा आकडे वाचून दाखवा.
आकडे आले. मी चष्मा शोधत होते.
मामंजींनी फोन घेतला.
"बाळा, दुकान कुठल्या गल्लीत?"
"सर, आम्ही ऑनलाइन…"
"ते कळलं. पण दहा वर्षांनी बूड गळलं
तर डाग द्यायला आणू कुठं?"
पलीकडे पंखा घरघरत होता. आणखी कुणीतरी
आणखी कुणाला सहा आकडे मागत होतं.
मग फोन कटला.

मला वाटलं, आता ऐकवतील,
आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून.
ते सुपारी कातरत होते.
"त्र्याऐंशी साली मीपण एक घागर विकली.
डाग दिलेली, नवी म्हणून.
पिंपळगावच्या भागूबाई मोगल. लग्नसराई होती, गर्दी.
महिन्याने एसटीने परत आली,
गल्लीदेखत घागर माझ्यापुढं उपडी केली.
मी जाणार कुठं? गादीवरच बसलेलो.
तिला माझं तोंड माहीत होतं."
अडकित्ता थांबला.
"जास्त वजनाची दिली मग.
तीही तिनं वाजवून घेतली. तीनदा."

एक नऊ तीन शून्यला फोन लावला.
तक्रार क्रमांक आलाय, अजून तेवढंच.
हंड्यात गवती चहा लावलाय,
बुडाशी तपकिरी ओघळ आहे, फरशीवरून जात नाही.

रविवारी भांडीबाजारात गेले.
आवाजातलं मला काही कळत नाही.
तरी कळशी उचलली, टिचकी मारली,
दुकानदाराच्या तोंडाकडे बघत.