किती जण आहात?

ॲबरडीनला डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
मी यंत्राला विचारते, आत किती जण आहात?
काम वाटून द्यायचंय:
समुद्रतळाचे हादरे, चाळीस गिगाबाइट.

लिनक्सला विचारायची रीत एक,
विंडोजला दुसरी.
विंडोज सोळा म्हणतं, एकेकाला दोनदा मोजून,
पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिलं की पानं वाढतात तसं.
मॅककडे चार दमाचे, चार सावकाश;
तो सरसकट आठ सांगतो.
आणि भाड्याच्या सर्व्हरवरचा कंटेनर
चौसष्ट म्हणून मोकळा होतो,
वाट्याला दोनच आलेले असताना.

चौसष्ट धागे सोडले मी त्या दोघांवर.
रात्रभर पायात पाय.
सकाळी इस्लाचा फोन. आधी बोललीच नाही,
नुसती हसली.

टेबलावर कौन्सिलचा फॉर्म:
घरात प्रौढ व्यक्ती किती?
एक लिहिलं तर रुपयात चार आणे सूट.
उदयन तीन आठवडे रिगवर, तीन इथे,
इथे म्हणजे बहुतेक झोपलेला.
दाराशी त्याचे जुने बूट. दोन.
तेवढं खात्रीनं सांगता येईल.

मॅन्युअलात तळाशी एक टीप सापडली:
उत्तर शून्यही येऊ शकतं.
शून्य म्हणजे कुणी नाही असं नव्हे,
शून्य म्हणजे मला सांगता येत नाही.
पण विचारणारं कुणीतरी चालू आहेच ना,
तेव्हा निदान एक धरावा.

ओळ लिहून टाकली: शून्य आलं, तर एक.

फॉर्मची चौकट तशीच ठेवली.
गुरुवारी हेलिकॉप्टर आहे,
धुकं नसेल तर.