तेरा पिच, अकरा पिच

परतवाड्याला घेतलेलं चिवड्याचं पाकीट
घाटात नवव्या वळणावर टम्म फुगलं.
ड्रायव्हर म्हणाला, "हवा कोनं भरली बाप्पा?"
कोणी नाही रे. बाहेरचीच कमी झाली.
तिथेच मला कळलं
वर बोटीला काय झालं असेल ते.

बोट वैनगंगेची. पुरात माणसं काढायची.
मग लिलावात निघाली
आणि पठारावरच्या बायांच्या बचत गटानं घेतली,
चाळीस घोड्यांच्या इंजिनासकट.
पवनीला तिचं काम मीच करायचो.
तिथे ती पाण्यावरून जायची
तापल्या तव्यावर थेंब पळतो तशी.

इथे तलावात
नाक आभाळाकडे, बूड पाण्यात,
काटा त्रेचाळीसशेच्या वर जाईना,
मागे निळा धूर.
रामकली भिलावेकर म्हणाली,
"सकाळी थंडीत बरी चालते, भाऊ.
ऊन चढलं का रुसते.
पोट्टे म्हनतात, बाहेरचं लागलं."
म्हटलं, लागलं नाही. बाहेरचं कमी पडलं.

प्लग काढला. नुसती काजळी,
चुलीवरच्या गंजाच्या बुडाला असते तशी.
पेट्रोल येतंय पवनीच्या मापानं,
हवा इथल्या मापानं,
अर्धं जेवण न पचताच बाहेर.
जेट बदलला, एका नंबरानं बारीक.
सुईच्या नेढ्याहून लहान भोक.
उजेडाकडे धरलं तर त्यातून अख्खा तलाव दिसला.
खोटं कशाला बोलू, फक्त उजेड दिसला.

तरी काटा पंचेचाळीसशेला अडून बसला.

मग पंख्याकडे वळलो.
तेरा पिच.
म्हणजे एका फेऱ्यात तेरा इंच पुढे जाईन
असा त्याचा पाण्याशी करार.
डोंगर चढता चढता हवा विरळ होते,
पाणी होत नाही.
पाणी पवनीला जेवढं जड, इथे तेवढंच,
एक गुंजही माफ नाही.

सकाळी हत्यारांची पेटी घेऊन
धक्क्याच्या पायऱ्यांवर मी दोनदा बसलो होतो.
रामकलीनं पेटी डोक्यावर घेतली
आणि मी बिडी विझवेपर्यंत ती वर पोचलीसुद्धा.
तिची पावलं तेव्हा पाहिली नाहीत.
आता आठवून पाहिली:
वीतभर, वीतभर, पण थांबणं नाही.

अकरा पिच चढवला.
ग्रीस, वॉशर, नट, पिन.
दुपारी दीडला, मुद्दाम,
हवा सगळ्यात पातळ असते तेव्हा,
चार बाया, पेट्रोलचा कॅन आणि मी.
थ्रॉटल शेवटपर्यंत.
क्षणभर वाटलं, गेलं काम.
मग नाक खाली आलं.
काटा बावन्नशेवर थरथरला, थांबला.
बुडाखालचं पाणी टणक लागायला लागलं,
डांबरी रस्त्यासारखं.
रामकलीचा पदर सुटला, तिनं धरला नाही.
बुदियाबाई डोळे मिटून
काहीतरी कोरकूत ओरडत होती.
शिव्या असाव्यात. आनंदाच्या.

काठावर आल्यावर रामकलीनं विचारलं,
"पवनीएवढीच पळते का आता?"
नाही जी.
चारेक घोडे घाटात राहिले.
ते काही वर येत नाहीत.
"मंग खाली नेली तं भेटतीन?"
भेटतील. पण आधी हा पंखा काढा,
नाहीतर इंजिन उधळेल.

तिनं गटाच्या वहीत,
फिनाईल आणि दोरखंडाच्या हिशेबाखाली
लिहून घेतलं:
खाली नेताना जुना पंखा, जुना जेट.
जेट काडेपेटीत घातला,
काडेपेटी कपाटात,
किल्ली कमरेला.

उतरताना घाटात कान फाटकन उघडले.
पाकीट तसंच राहिलं होतं काचेपुढे.
परतवाड्याला पाहिलं तर पुन्हा चपटं,
जसं काही झालंच नाही.
फोडलं.
शेंगदाणे सगळे तळाशी.