गुंटूर

दादा तंबाखूचा ट्रक घेऊन निपाणीहून गुंटूरला जायचे.
येताना रिकाम्या पोत्यांचा वास आणायचे अंगाला,
आणि तिथल्या नाष्ट्याचं वर्णन, हातांनी.
एवढं मोठं. हिरवं. कडेला कुरकुरीत.
पोटात कच्चा कांदा, वर आल्याचे बारके तुकडे.
नाव मात्र हत्तरगीच्या नाक्यावर कुठंतरी सांडलेलं.

आईनं मूग भिजत घातले.
पहिलं तव्याला धरलं, दुसरं फाटलं,
तिसरं दादांनी न बोलता खाल्लं.
पुढच्या खेपेला तिनं आपल्या मनानं लसूण वाटला,
वरून जवसाची चटणी पसरली.
दादा म्हणाले, हां. हेच.

मग रविवारी विचारायची,
"आज गुंटूर घालू काय?"
शेजारच्या नीलव्वानं कट्ट्यावरून हाक दिली,
"अक्का, गुंटूर ह्यांग माडतीरी?"
आईनं अर्धं कानडीत सांगितलं,
अर्धं हातांनी,
दादांच्याच हातांनी.
आता गल्लीत सहा घरी गुंटूर होतं,
त्यातल्या एका घरी नाचणीचं.

मोतीबिंदू झाला, लायसन कपाटात गेलं.
आईनं तर तो नाका कधी ओलांडलाच नव्हता.
गेल्या थंडीत दोघांना रेल्वेनं घेऊन गेलो.
स्टँडसमोरचं हॉटेल, स्टीलचं ताट,
हिरवं, एवढं मोठं.

आईनं एक घास घेतला. सावकाश चावला.
"लसूण विसरलेत की हे."

दादांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.
"नाहीच जमत ह्यांना," म्हणाले,
आणि बोटानंच खूण करून
दुसरं मागवलं.