सोडचिठ्ठी

पत्र मंगळवारी आलं, खिडकीवाल्या पाकिटात.
खिडकीतून माझंच नाव बाहेर बघत होतं, एनिड हॅलम,
जणू मला कुणी आत घालून चिकटवलंय.

पहिल्या परिच्छेदात आभार.
आभार आले की मी सावध होते.
दुसऱ्यात दर : एक तारखेपासून युनिटमागे सहा पेन्स जास्त,
आणि स्थिर आकार वेगळा,
म्हणजे अंधारात हात बांधून नुसती बसले
तरी दिवसाचे चौसष्ट पेन्स.
तिसऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत :
ग्राहकास हे मान्य नसल्यास
तीस दिवसांच्या आत
कोणतेही शुल्क न भरता जाता येईल.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
कोणतेही शुल्क न भरता.

म्युरिअल, हे तुला दाखवायला हवं होतं गं.
चौऱ्याहत्तर साली तू निघालीस
तेव्हा तुझ्या करारात हे कलम नव्हतं.
शिवणयंत्र गेलं,
बाराच्या बारा कपबश्या गेल्या,
आणि पोराचे रविवार, ते तर हप्त्याहप्त्याने.
आई म्हणायची, सगळीकडे तेच असतं,
दार बदलून कुणाचा भाव बदललाय?
तो तुझा नवरा मात्र दरवर्षी
थोडाथोडा दर वाढवत राहिला होता,
आगाऊ पत्र न देता.

समोरची ताबिथा मासळीच्या कारखान्यातून
रात्रपाळी करून आली, हाताला बर्फाचा वास,
इस्त्रीच्या टेबलावर तिने लॅपटॉप मांडला.
अकरा मिनिटं लागली.
अठ्ठावीस वर्षं, आणि अकरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी जुन्या कंपनीचा फोन.
गेथिन नावाचा मुलगा, आवाजात अजून मिसरूड न फुटलेली :
आम्ही तुम्हाला आधीच्याच दरात ठेवू शकतो, मॅडम.
मग पत्र कशाला धाडलंत?
तो गप्प.
त्या गप्प बसण्यात मला ऐकू आलं
की तो अंगात कोट घालून बसलाय,
चेन खालीवर करतोय.
तुझ्या घरी तरी ऊब आहे ना रे?
तो म्हणाला,
हे संभाषण रेकॉर्ड होतंय, मॅडम.

शेवटचे आकडे घ्यायला जिन्याखाली वाकले.
झाडू, रबरी बूट, रंगाचा वाळलेला डबा,
आणि त्यामागे मीटर.
चार, आठ, दोन, एक, तीन.
त्याचं चाक सावकाश फिरत होतं
आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं,
मालक बदलल्याचं
जुन्या गड्याला कसं सांगायचं तसं.

बदलायच्या रात्री बारापर्यंत जागी राहिले.
वाटलं, दिवा निदान एकदा तरी लुकलुकेल.
काही नाही.
तीच तार, तीच निळी ज्योत,
किटलीची शिट्टीही तीच, शेवटाकडे चिरकणारी.
गोदीकडून वारा येत होता, तोही जुन्याच दराने.
ताबिथा हसली, वीज तीच असते एनिड,
नुसतं बिलावरचं नाव बदलतं.

हो ना.
म्युरिअलचंही नुसतं नावच बदललं होतं, परत हॅलम.
आणि तरी त्या रात्री, माझ्या या अरुंद पलंगावर,
ती बारा तास झोपली होती,
तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी.

जुन्या कंपनीचं अखेरचं पाकीट आलं :
तुम्ही गेल्याचं वाईट वाटतं.
सोबत उरलेले अकरा पाउंड चाळीस.
मी हीटरच्या दोन्ही सळया लावल्या,
एकीवर भागवायची सवय असताना,
आणि तासभर
जिन्याखाली बघायला गेले नाही.

नव्यांचा दर ऑक्टोबरपर्यंत बांधलेला आहे.
ऑक्टोबर मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर
पेन्सिलीने लिहून ठेवलाय.